खोड सांगून द्यायची

आमच्या घरातली ॲम्बॅसिडर चार वर्षं बंद पडून होती आणि ती मी बंद पाडली होती. नाव मात्र माझ्या थोरल्या भावाचं झालं. गेल्या वर्षीच्या माघात तो गेला आणि जाताना ते नावही घेऊन गेला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं इंजिन, गॅस्केट, व्हॉल्व्ह असलं बरंच काही येणार आहे, आणि त्या गर्दीत मी मूळ गोष्ट लपवीन अशी मला माझीच भीती वाटते. लपवण्यात मी पहिल्यापासून हुशार.

गाडी आबांची, म्हणजे आमच्या वडिलांची. पांढरी, गोल दिव्यांची, मागची सीट दिवाणासारखी ऐसपैस. अंथुर्ण्याच्या शेताची वाटणी झाली तेव्हा जमीन मोजून दोन भाग झाले. विहीर एकच होती, तिच्या पाण्याच्या पाळ्या लागल्या. तीन दिवस दादाचे, तीन दिवस माझ्या वाट्याच्या रानाचे. विहिरीवरची मोटर ज्याच्या पाळीत जळेल त्यानं ती नवी तार भरून आणायची, हा आमच्याकडचा सगळीकडचाच नियम. आबांनी तोच नियम गाडीला लावला. दसरा ते पाडवा गाडी माझ्याकडं बारामतीत, पाडवा ते दसरा दादाकडं अंथुर्ण्यात. ज्याच्या पाळीत बिघडेल त्यानं नीट करायची.

या नियमानं इंजिनाचं काय होतं, हे कुठल्याही पाळीच्या मोटरीकडं बघून कळेल. पाळी संपत आली की माणूस तिला हात लावत नाही. ऑइल काळं झालंय? होऊ दे, आठवड्यानं त्याचं. टॅपेट वाजतायत? वाजू देत, त्याच्याकडं जाऊन गप्प होतील. दादा तसा, मी त्याच्याहून तसा. एका दसऱ्याला त्यानं मला बसलेली बॅटरी दिली, पुढच्या पाडव्याला मी त्याला गुळगुळीत टायर दिले. आम्ही हसायचो, एकमेकांना शिव्या द्यायचो, आणि इंजिनाचं मोठं काम वर्षानुवर्षं पुढं ढकलायचो. ते काम नेहमी दुसऱ्याचंच असायचं.

आबांना हे ठाऊक होतं. म्हणून त्यांनी एक रीत घालून दिली होती. बैल विकताना त्याची खोड सांगूनच विकायचा. मारका असेल, बसका असेल, गिऱ्हाइकाला आधी सांगायचं. तसंच गाडीचं. देताना बॉनेट उघडायचं, दोघांनी समोर उभं राहायचं. घेणाऱ्यानं विचारायचं, "खोड?" देणाऱ्यानं असेल ते सांगायचं. बॅटरी बसल्याचं दादानं सांगूनच दिलं होतं. टायरचं मीही सांगितलं होतं. दुरुस्त करून देऊ नका हवं तर, पण सांगून द्या. एवढंच आबांचं म्हणणं होतं.

मी आयटीआयमध्ये फिटर शिकवायचो. आयुष्यभर पोरांच्या हातात कानस दिली, मायक्रोमीटर धरायला शिकवला, अंदाजे काम करणाऱ्याला वर्गाबाहेर काढलं. घरात मला नावानं कुणी हाक मारायचं नाही. आबा मला मास्तर म्हणायचे, दादाही. आबा म्हणायचे ते अभिमानानं. गावात कुणाची मोटर अडली की, "आमच्या मास्तरला येऊ द्या," असं ओसरीवर बसून सांगायचे. दादा म्हणायचा ते चिडवायला, पण त्यातही थोडा अभिमान असायचाच.

तर त्या साली पाडव्याला दहा दिवस उरले होते आणि रेडिएटर खाली थेंब थेंब गळायला लागला. सांधा सुटला होता. रेडिएटर काढून झाळून आणायचं काम, एका दिवसाचं. परीक्षा चालू होत्या, मला वेळ नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे कंटाळा होता आणि दहाच दिवसांचा प्रश्न होता. ट्रकवाले करतात ते मी केलं. स्वयंपाकघरातनं हळदीचा डबा आणला आणि दोन मुठी हळद रेडिएटरमध्ये टाकली. ती फुगते, बारीक गळती बुजवते. गळती थांबली. एखाद्या पोरानं असं केलं असतं तर मी त्याला दिवसभर बाकावर उभा केला असता.

पाडव्याला अंथुर्ण्यात गाडी नेली. दारात गुढी उभी होती, आबा खुर्चीवर ऊन खात बसले होते. बॉनेट उघडलं. दादानं टॉवेलला हात पुसले, आत डोकावला आणि विचारलं, "खोड?"

"काय न्हाय. टकाटक हाय."

"मास्तरनं सांगितलं म्हंजे बघायलाच नगं," दादा म्हणाला आणि बॉनेट पाडलं.

आबा आमच्या जुन्या पळसदेवचे. ते गाव उजनी धरणाच्या पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनं देऊळ उघडं पडतं, ते बघायला आबा दरवर्षी जायचे. गेल्यावर काही करायचे नाहीत. काठावर उभे राहायचे, आमचं घर कुठं होतं ते काठीनं दाखवायचे, आणि दरवर्षी थोडी वेगळी जागा दाखवायचे. त्या वर्षी त्यांची तब्येत उतरली होती. वैशाखात म्हणाले, एकदा देऊळ दाखवून आणा. दादानं त्यांना मागच्या सीटवर उशा लावून बसवलं, शेजारी वहिनी, आणि निघाला. हायवेला लागायच्या आधीच गाडी उकळली. इंजिन अडकलं ते अडकलंच.

मला फोन आला तसा मी स्कूटर काढून गेलो. बाभळीखाली आबा सतरंजीवर बसले होते, तोंड लाल झालेलं. वहिनी पदरानं वारा घालत होत्या. दादा उघड्या बॉनेटसमोर उभा होता, उजव्या हाताला ओला टॉवेल गुंडाळलेला. रेडिएटरचं झाकण काढताना भाजला होता. आबा मला बघून म्हणाले, "बघ मास्तर, तू सोन्यासारखी गाडी दिलीस आन ह्या शान्यानं कोरडी पळवली. पानीसुदिक बघितलं न्हाय."

दादानं माझ्याकडं बघितलं. मला तेव्हा बोलता आलं असतं. एक वाक्य लागलं असतं. मी काय बोललो ते जसंच्या तसं लिहितो. मी म्हणालो, "पानी तरी बघायचं दादा. एवढं बी कळू नये?"

त्यानं हातावरचा टॉवेल घट्ट केला. मग म्हणाला, "व्हय मास्तर. चुकलंच."

त्या दिवशी देऊळ राहिलं ते आबांचं राहिलंच. श्रावणात ते गेले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं, थोरल्यानं गाडी जाळली. दादा शेजारी बसून ऐकायचा आणि पाहुण्यांना चहा विचारायचा.

दसऱ्याला मी गाडी मागितली नाही, कुठल्या तोंडानं मागणार? दादानंच निरोप पाठवला. माझ्या पाळीत बिघडली, मी नीट करीन, मग नेशील. पण त्यानं ती नीट केली नाही. ट्रॅक्टरच्या शेडमध्ये एका बाजूला लावून ताडपत्री टाकली. एक दसरा गेला, पाडवा गेला, मग मोजणं बंद झालं. त्याची पाळी संपतच नव्हती. मी बायकोला म्हणायचो, हट्टी माणूस, आळशी. असं म्हटलं की मला बरं वाटायचं. सणावारी जाणं व्हायचं, पण शेडकडं मी फिरकायचो नाही. दादा दर वेळी अंगणात शेजारी बसायचा, तंबाखू मळायचा आणि मधेच विचारायचा, "मग मास्तर, काय म्हनता?" मी ऊस, पाऊस, पोरांच्या नोकऱ्या, काहीबाही सांगायचो. तो ऐकून घ्यायचा. मला वाटायचं, वेळ घालवायला विचारतो.

मग त्या माघात, उसाला पाणी सोडताना, सकाळच्या उन्हात तो बांधावर बसला आणि आडवा झाला. मी पोचेपर्यंत संपलं होतं. त्याच्या उजव्या हाताच्या पाठीवर भाजल्याचा पांढरा डाग होता. आंघोळ घालताना तो हात माझ्या हातात आला होता.

वर्षश्राद्ध झालं, त्याच्या चौथ्या-पाचव्या दिवशी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, ह्यांची पाळी संपली. आता गाडी तुमची. नीट करून पाडव्याला माज्याकडं द्या. वैशाखात मला तेवढं देऊळ बघायचं हाय. आबांचं राहिलं, ह्यांचंबी राहिलं."

गाडी जागची हलणार नव्हती, म्हणून मीच हत्यारं घेऊन अंथुर्ण्यात राहायला गेलो. मी आता रिटायर, वेळच वेळ. ताडपत्री काढली. धूळ, चिमण्यांची काडी, मागच्या सीटवर आबांच्या उशा तशाच. त्या उचलायचा मला धीर झाला नाही, मी सरळ बॉनेट उघडलं.

आधी प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये ऑइल सोडलं आणि दोन दिवस मुरू दिलं. तिसऱ्या दिवशी पुढनं हँडल घातलं. हलेना. शिवी दिली, पुन्हा जोर केला, तेव्हा इंजिन कण्हल्यासारखा आवाज करून बोटभर फिरलं. मग हळूहळू पूर्ण फेरा झाला. पिस्टन सुटले होते. मी तिथंच मडगार्डला टेकून बसलो. डोळ्यांना पाणी आलं. वहिनी दारातनं बघत होत्या.

खालचं ऑइल सोडलं ते काकवीसारखं उतरलं. मग हेड, म्हणजे सिलिंडरवरचं जड झाकण. हेडचे नट एका बाजूनं सुटसुटीत खोलायचे नसतात. समोरासमोरचे, थोडे थोडे, सगळे ढिले करत आणायचे, नाहीतर हेडला बाक येतो. हे मी किती पोरांना शिकवलं असेन! हेड उचललं तर त्याच्याखालचं गॅस्केट, फट बुजवणारा पातळ पत्रा, दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरच्या मधे जळून कोळसा झालेलं. हेडला बाकही आलाच होता. बारामतीत नेऊन फेस मारून, म्हणजे तळ सपाट करून आणलं. व्हॉल्व्ह घासायला बसलो. पेस्ट लावायची आणि लाकडी काडी दोन तळव्यांत धरून ताक घुसळल्यासारखी फिरवायची, बैठकीवर सगळीकडनं सारखी करडी रेघ दिसेपर्यंत. आठ व्हॉल्व्ह, चार दिवस. तळव्यांना फोड आले. ते आलेलं मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

पण नवं हेड गॅस्केट काही मिळेना. एवढ्या जुन्या मॉडेलचं आता कोण ठेवतं? बारामतीतली दुकानं झाली, इंदापूरची झाली, पुण्यात फोन झाले. एकानं दोन आठवड्यांनी बघू म्हटलं. पाडवा आठ दिवसांवर आला होता. मी वहिनींना सांगितलं की पाडव्याला होत नाही असं दिसतंय. त्या "बरं" एवढंच म्हणाल्या.

त्या दिवशी दुपारी हाताला दुसरं काम नव्हतं म्हणून रेडिएटर काढला. इतके दिवस मी तो टाळत होतो. इंजिन सगळं उघडलं होतं, पण तेवढा एक भाग मी फडकं टाकून ठेवला होता. पोत्यावर आडवा घालून नळ्यांतनं तार फिरवायला लागलो. पिठल्याच्या खरवडीसारखं काहीतरी सुटून पडायला लागलं. पिवळं-तपकिरी. एकेका नळीतनं चिमूटचिमूट. सगळ्या बुजल्या होत्या, पाणी फिरलंच नव्हतं. दादानं निघताना पाणी काठोकाठ भरलेलं असणार. त्यानं कधीच कुठली गाडी कोरडी पळवली नव्हती.

वहिनी चहा घेऊन आल्या आणि पोत्यापाशी बसल्या. पोत्यावर काय पडलंय ते त्यांना दिसत होतं. मी तार खाली ठेवली.

"वहिनी, हळद मी टाकली होती," मी म्हणालो. "पाडव्याला देताना. गळती बुजवायला. दादाला बोललो न्हाय. आबांना बी बोललो न्हाय."

वहिनींनी कपाची कड पदरानं पुसली आणि कप माझ्यापुढं सरकवला. "ठावं हाय," त्या म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"त्या दिशी ह्यांच्या सदऱ्यावर पिवळं डाग पडलेलं. मला वाटलं गंजाचं पानी. घरी येऊन साबन लावला तर लाल झालं. हळदीबिगर लाल हुतंय का कुठं? ह्यांना इचारलं. म्हनाले, मला तितंच कळलं, झाकन उघडलं तवाच वास आला."

"मग बोलला का न्हाय? आबा एवढं बोलत हुते..."

"म्याबी त्येच म्हनलं. तर म्हनाले, आबांचा जीव मास्तरवर हाय. आता किती दिस राहिल्यात त्यांचे? माज्यावर न्हाय तरी बोलतातच, आजून थोडं बोलतील. तू कुठं बोलायचं न्हाय. आन म्हनाले, त्यो सांगंल. त्याच्या पोटात राहायचं न्हाय. मास्तर हाय त्यो."

अंगणात शेजारी बसून "मग मास्तर, काय म्हनता?" विचारणारा दादा मला दिसला. तो वेळ घालवायला विचारत नव्हता. आणि मी त्याला पावसाचं सांगत होतो! त्या तीन वर्षांत किती वेळा विचारलं असेल त्यानं? किती वेळा ते एक वाक्य घशाशी आलं आणि मी चहाबरोबर गिळलं?

वहिनी उठून आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं चपटं काहीतरी होतं. मी सोडलं. आत हेड गॅस्केट होतं. कोरं करकरीत, तांब्याच्या कडा चमकणारं.

"आबांचा म्हैना झाला आन पुण्यास्नं घिऊन आलेले. खुट्टीला लावून ठेवलं. मी म्हनायची, बसवा की वो. तर म्हनायचे, मला कुठं येतंय? मास्तर येऊ दे. आधी बोलू दे, मग दोघं मिळून उघडू. तुमी बोलल्यावरच द्यायचं, आसं मला सांगून ठेवलेलं."

"मी बोललोच नसतो तर?"

वहिनींनी वर्तमानपत्राची घडी घातली. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "ह्ये आसतानाच बोलायला पायजे हुतं भाऊजी," त्या म्हणाल्या. चहा गार झाला होता. मी तो तसाच प्यायलो, कारण टाकून द्यायची माझी हिंमत नव्हती.

गॅस्केट बसवायला घेतलं. दोघांचं काम असतं ते. एकानं हेड तोलून धरायचं, दुसऱ्यानं खालनं गॅस्केट जागेवर बघायचं. वहिनींनी पदर खोचला आणि पलीकडनं हेड धरलं. सरकलं तर मी ओरडायचो, "दादा, जरा वर..." असं दोनदा झालं. दोन्ही वेळा वहिनींनी हेड वर उचललं.

नट आवळले, मधनं बाहेर, समोरासमोर, तीन फेऱ्यांत. टॅपेटच्या फटी फीलर गेजनं बघितल्या. पॉइंट घासले, कार्बोरेटर धुतला, रेडिएटरचा तो सांधा झाळून आणला. एका दिवसाचंच काम होतं, अर्ध्या दिवसात झालं. पाडव्याच्या आदल्या दिवशी गाडी हँडलच्या सातव्या-आठव्या फेऱ्याला सुरू झाली. पहिल्यांदा निळा धूर, मग साफ. आवाज असा गुळगुळीत की आबांच्या हातातसुद्धा एवढी चांगली वाजली नसेल. चाळीस वर्षांत तिचं पहिल्यांदाच कुणीतरी सगळं काम केलं होतं. मी शेडमध्ये उभा राहून तोंडावर फडकं दाबून रडलो. इंजिन चालू होतं म्हणून कुणाला ऐकू गेलं नाही.

पाडव्याला गुढी उभी केली. गाडी धुऊन अंगणात आणली, आबांची खुर्ची असायची त्याच्या समोर. बॉनेट उघडलं आणि बाजूला उभा राहिलो. वहिनी आल्या, बॉनेटसमोर माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. त्यांना इंजिनातलं काही कळत नाही. तरी त्यांनी आत वाकून बघितलं, पदराला हात पुसले आणि विचारलं, "खोड?"

मी सांगायला लागलो. दोन नंबरचा टॅपेट गार असताना थोडा वाजतो. क्लच उशिरा धरतो. पाण्याच्या पंपाचं सील जुनंच आहे, बघत राहा. डाव्या दाराची काच अडकते. चढाला घाई करू नका. पाणी रोज सकाळी बघा, स्वच्छ पाणी, दुसरं काही टाकू नका. जे जे ठाऊक होतं ते सगळं सांगितलं, बारीकसारीक, एकही गोष्ट ठेवली नाही. वहिनी मान हलवत ऐकत होत्या.

सांगून झालं. वहिनींच्या पलीकडं, दादा बॉनेटवर हात ठेवून उभा राहायचा ती जागा मोकळी होती.

मी बॉनेट पाडलं आणि किल्ली वहिनींच्या हातात दिली.